थांब्यासमोरचं अंगण

ती बसची कंडक्टर. बाळंतपणाची रजा, मग बिनपगारी रजा, मग आणखी थोडी गयावया करून मिळवलेली रजा, असं सगळं संपवून ती कामावर रुजू झाली, तेव्हा मुंगी नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती.

मुंगी हे काही पोरीचं खरं नाव नव्हे. पण रांगायला लागल्यापासून ती आपल्याहून मोठी वस्तू ओढत घरभर फिरायची. बापाचा बूट, पायपुसणं, एकदा तर आख्खी उशी. बाप लांब पल्ल्याच्या मालट्रकवर ड्रायव्हर. घरी आला की तो दारात उभा राहून ही मिरवणूक बघायचा. "ही मुलगी नाही, मुंगी आहे," असं त्याने म्हटलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

डेपोतल्या साहेबांकडे तिने एकच मागणं मागितलं होतं. मार्ग हवा तो गिरणीच्या रस्त्याचा. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्या खड्ड्यांच्या मार्गावरून बदली मागायला लोक येतात, आणि तुम्ही मागून घेताय?" ती नुसती हसली. त्या मार्गावर एका थांब्यासमोर पाळणाघर होतं. कमरेइतकी भिंत, वर गज, आत अंगण. बस थांबली की मागच्या दारातून आख्खं अंगण दिसायचं.

दिसायचं म्हणजे किती? माणसं उतरायची आणि चढायची तेवढा वेळ. थांब्यावर गर्दी असली की तिला बरं वाटायचं. एखादी म्हातारी काठी, पिशवी आणि छत्री सांभाळत सावकाश चढली, तर तिला त्या म्हातारीच्या पाया पडावंसं वाटायचं. आणि थांब्यावर कोणीच नसलं की ती उगाच वाकून रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहायची, येतंय का कोणी धावत.

बस चालवणाऱ्याला सगळा डेपो 'तोफ' म्हणायचा, त्याच्या आवाजामुळे. ती त्याला दादा म्हणायची. पहिल्याच आठवड्यात तोफ कडाडली, "बाई, बेल द्या की! झोपलात का?"

तिने दोरी ओढून डबल बेल दिली. पण फेरी संपल्यावर चहाच्या टपरीवर तिने त्याला खरं काय ते सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशीपासून त्या थांब्यावर बस आली की तोफला आरसा पुसायची आठवण व्हायची.

मुंगीचं पहिलं पाऊल तिने बसच्या पायरीवरून पाहिलं. भर दुपारी मुंगी घसरगुंडीला धरून उभी होती. समोर कोणाची तरी लाल बादली पडली होती. मुंगीने बादलीकडे पाहिलं, घसरगुंडीकडे पाहिलं, आणि हात सोडला. एक पाऊल. दुसरं. बादली गाठेपर्यंत ती पडलीच नाही.

"चालली! अगंबाई, चालली!" कंडक्टर ओरडली.

पायरीवर एक पाय ठेवून उभे असलेले आजोबा घाबरले. "चालली? अहो थांबवा, माझा एक पाय अजून खाली आहे!"

सगळी बस हसली. आजोबांना वर घेता घेता तीही हसत होती, आणि गाल बाहीने पुसत होती. पण तिकिटं फाडताना मनात एकच यायचं. तिने हात सोडला तेव्हा समोर माझे हात हवे होते. तिथे होती बादली.

मग रोज काही ना काही दिसू लागलं. सकाळच्या फेरीला एक तुकडा, दुपारच्या फेरीला दुसरा, आणि मधला भाग तिचा तिनेच जोडायचा. मुंगी कमरेवर हात ठेवून गळक्या नळाला रागावतेय. मुंगीने सगळ्यांच्या चपला गोळा करून एका कोपऱ्यात नेल्या आहेत आणि त्यांवर पहारा देतेय. पुढच्या फेरीला चपला गायब, मुंगी कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेली. मध्ये काय महाभारत झालं असेल, या विचारात तिने एकदा एकाच माणसाला दोनदा तिकीट दिलं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन यायचा. मागे इंजिनाची घरघर. "आज काय वाहून नेलं तिने?"

"पाण्याचा पाइप. आख्खा. दुसऱ्या टोकाला तीन पोरं लोंबकळत होती."

तो खळखळून हसायचा. ती म्हणायची, "मी निदान पाहते तरी. तुझं काय होत असेल रे?"

"मी तुझ्या डोळ्यांनी पाहतो ना. नीट बघत जा."

सगळं असं चाललं असताना एके दिवशी मुंगीने तिला ओळखलं. बस थांबली, मुंगीने मान वर केली, आणि खाकी कपड्यांतली आई तिला दिसली. "आई!" तिचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्याचं पोट भरावं. तिने हात हलवला. ही इकडून वेड्यासारखे दोन्ही हात हलवत राहिली. मग बस सुटली.

त्या संध्याकाळी पाळणाघराच्या मावशींनी तिला बाजूला घेतलं. मावशी म्हणजे शब्द जपून वापरणारी बाई.

"रागावू नका हं. पण बसमधून हात नका करू. तुम्ही गेलात आणि ती गजांना धरून जी उभी राहिली, ती जेवायलाही येईना. तिचं बघून बाकीच्यांनीही भोकाड पसरलं. तिला काय कळणार? तिला एवढंच कळलं, की आई आली आणि न घेताच गेली."

तिने विचारलं, "मग मी मार्ग बदलून घेऊ?"

"मार्ग कशाला? बघा की पोटभर. फक्त तिला दिसू नका."

हे ऐकायला सोपं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो थांबा आला की ती उलट्या बाजूच्या बाकाआड उभी राहायची, डोक्यावरून ओढणी घेऊन, माणसांच्या खांद्यांमधून एका डोळ्याने पाहत. मुंगी बसकडे बघायची. खिडकीमागून खिडकी नजरेने चाचपायची. आईला वाटायचं, आत्ता एक हाक मारली तर? ती दोरी घट्ट धरायची आणि बेल द्यायची. स्वतःच्या पोरीसमोर चोरासारखं लपायचं, याहून अवघड काम तिला कोणी सांगितलं नव्हतं.

रोज येणारी एक नर्स होती. तिच्या हे लक्षात आलं. ती मुद्दाम अंगणाच्या बाजूची खिडकी धरायला लागली आणि न विचारता हळूच सांगायची. "आज निळा फ्रॉक आहे. केसांत काहीतरी खोचलंय, पान असावं. हसतेय." आणि बाकाआडून ही विचारायची, "दात दिसतोय का हो? खालचा, नवीन?"

काही दिवसांनी नर्स म्हणाली, "आज तिने बसकडे पाहिलं नाही. खेळत होती."

"बरं झालं," ती म्हणाली. पुढच्या थांब्यापर्यंत तिने कोणाकडे सुटे मागितले नाहीत की कोणाला पुढे सरकायला सांगितलं नाही.

संध्याकाळी मुंगीला कडेवर घेऊन ती घरी निघायची, तेव्हा पोरगी पेंगुळलेली, किरकिरी, नाकावर राग घेऊन बसलेली असायची. मावशी सांगायच्या, आज ती पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली, आज तिने स्वतःच्या हाताने सगळा वरणभात संपवला. पोरीचं दिवसभराचं ताजंताजं पाळणाघरात वाढलं जायचं, आणि आईच्या वाट्याला यायचं ते उरलंसुरलं. तेही ती मिटक्या मारत खायची. झोपेत मुंगी तिचं एक बोट मुठीत धरायची, तेव्हा हात अवघडला तरी ती तो सोडवून घेत नसे.

मग एका दुपारी बस त्याच थांब्यावर बंद पडली. तोफने चावी फिरवली, शिव्या दिल्या, बॉनेट उघडलं. काही उपयोग झाला नाही. प्रवाशांना मागच्या बसमध्ये बसवून दिलं. वर्कशॉपची गाडी येईपर्यंत दोघांना तिथेच थांबायचं होतं.

"बाई," तोफ आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, "आता बघा पोटभर. मी काही लवकर दुरुस्त होऊ देत नाही."

ती रिकाम्या बसमध्ये खिडकीखाली गुडघ्यांवर बसली आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यातून पाहू लागली. इतका वेळ सलग तिने मुंगीला अंगणात कधी पाहिलंच नव्हतं. तुकडे जोडावे लागत नव्हते. मुंगी धावायची कशी, तर डावा पाय जरा बाहेर टाकून, बापासारखी. विचारात पडली की जीभ बाहेर काढायची. कोणी ढकललं तर रडायची नाही, ढकलणाऱ्याकडे टक लावून बघायची, तोच ओशाळून निघून जाईपर्यंत. 'हे कधी शिकली?' तिला वाटलं. 'माझ्या घरात राहते आणि मला माहीत नाही.'

गेटशी एक नवीन आलेलं पोर रडत होतं. मावशी समजावून थकल्या होत्या. मुंगीने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग ती आत गेली आणि एक खुर्ची ओढत आणली. तिच्याहून उंच खुर्ची, वाटेत दोनदा आपटलेली. मग तशीच दुसरी. त्या दोन्ही एकीमागे एक लावून तिने त्या पोराला मागच्या खुर्चीवर बसवलं, आणि स्वतः बाजूला उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली,

"पुढे सरका, पुढे सरका! मध्ये जागा आहे!"

बसमध्ये आईने तोंडावर हात ठेवला. आवाजातला तो कंटाळा, तो हेल, सगळं तिचं होतं.

पोर हुंदके देतच होतं. मुंगी त्याच्या कानाशी वाकली. "तुझी आई फेरीला गेली. माझी पण गेली. फेरी संपली की येते." आणि मग, जरा विचार करून, "रोज येते."

आई उठून उभी राहिली. लपायचं आहे, मावशींना शब्द दिला आहे, काही काही तिच्या ध्यानात राहिलं नाही. मुंगीने वर पाहिलं. दोघींची नजर मिळाली. अंगणात मावशी जागच्या जागी थबकल्या, आता काय होतंय म्हणून.

मुंगी रडली नाही. धावत गजांशीही आली नाही. त्या पोराला कोपराने ढोसून म्हणाली, "ती बघ, माझी आई." मग हवेतली दोरी दोनदा ओढली. "टिंग टिंग! जाऊ द्या!"

"ऐका," बॉनेटमधून डोकं काढून तोफ म्हणाला, "गाडी बंद पडलीय, आणि तुमचे छोटे साहेब म्हणतायत सुटा!"

ती हसली. हसता हसता बाकावर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. सुटकेचं रडू होतं ते, पण सगळं तसं नव्हतं. रोज येते, हे मुंगीला कळलं होतं. पण ते कळेपर्यंत किती दिवस ती गजांशी उभी राहिली असेल, आणि ते उभं राहणं संपलं ती दुपार कोणती, हे आईला आता कधीच कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी हात करायची परवानगी दिली. ती उजळ माथ्याने पायरीवर उभी राहू लागली. मुंगी सवड असली तर हात करायची, पण बहुतेक वेळा तिला सवड नसायची. असंच वर्ष-दीड वर्ष गेलं आणि ती शाळेत जाऊ लागली. शाळा घराच्या मागच्या गल्लीत, तिथे कुठलीच बस जात नव्हती. नवऱ्याला शहरातच माल पोचवायचं काम मिळालं, त्यामुळे सकाळी मुलीला सोडायला तो जाऊ लागला. आता तो डबा भरता भरता शाळेतले किस्से सांगतो आणि ती ऐकते.

"नीट बघतोस ना रे?" ती विचारते.

"बघतो. पण ती आता गल्लीच्या तोंडाशीच हात सोडवून घेते. म्हणते, बाबा, तुम्ही इथूनच जा."

हे ऐकत तिने खाकी शर्टाची बटणं लावली, पिशवी खांद्याला अडकवली आणि ती ड्युटीवर निघाली. दार ओढून घेताना आतून मुंगीचा आवाज आला, कशावरून तरी बापाशी वाद घालणारा. ती जिन्यात थांबली, आणि वाद संपेपर्यंत ऐकत राहिली.