शून्य नंबरचा चष्मा

बारावीच्या वर्षी मला झोप लागेना, जेवण जाईना आणि कारण नसताना रडू यायचं. वडील मला देवळ्याहून एसटीने नाशिकला, गंगापूर रोडवरच्या मानसोपचार डॉक्टरबाईंकडे नेऊ लागले. गावात मात्र सांगायचे, पोरीचे डोळे दाखवायला नेतो. वेड्यांच्या डॉक्टरकडे जाणारी मुलगी कोण करून घेणार? ते खरं वाटावं म्हणून मला शून्य नंबरचा चष्माही घेऊन दिला.

बाईंसमोर बसलं की मी तो काढून ठेवायचे. "मग, या आठवड्यात काय झालं?" एवढंच त्या विचारायच्या आणि मी बोलत राहायचे. परतताना एसटीत मला गाढ झोप लागायची.

मग स्थळ आलं. त्यांना चष्मेवाली मुलगी नको होती. आईने चष्मा कपाटात टाकला आणि डोळे बरे झाल्याचं सगळ्यांना सांगितलं. साहजिकच नाशिकच्या फेऱ्या थांबल्या. बाईंसमोरची ती खुर्ची मला अजून आठवते.

चाळिशीत खरा चष्मा करायला गेले, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून त्रास होतोय?"

बारावीपासून, असं अगदी ओठांवर आलं होतं.