सातव्या झेंड्याची हरळी

“एकटाच? वहिनी मागल्या गाडीनं येती काय?”

बुधा पेठ नाक्यावर एसटीतून उतरला, तरी मुकादम सावळीरामची नजर त्याच्या खांद्यावरून गाडीच्या दाराकडंच होती. दारातून कोंबड्यांची पाटी घेऊन एक म्हातारी उतरली, कॉलेजची दोन पोरं उतरली, आणि गाडी निघून गेली.

“ती नाय आता,” बुधा म्हणाला. “भादव्यात ताप आला. डोक्यात गेला.”

सावळीरामनं टोपी काढली, झटकली, परत घातली. एरवी अख्ख्या नाक्याला शिव्या घालणारा गडी तो. आता कामाचंच बोलला.

“लावणीला जोडी लागती, बुधा. उपटायला एकटा चालतो. तू उपटायला ये.”

भात-नागली घरात आली की बुधा आणि मंगलाबाई डोंगर उतरून नाशिकला यायचे. गावातली बाकीची माणसं द्राक्षबागांकडं जायची. ही दोघं मात्र गोल्फच्या मैदानावर. साहेबलोक जिथं पांढरा चेंडू काठीनं हळूच ढकलतात, ते झेंड्याभोवतीचं मऊ गवत राखायचं, सुकलं तिथं नवं लावायचं, हे त्यांचं काम. बुधा पुढं कुदळीनं बारीक चर पाडायचा. मंगलाबाई मागनं गवताच्या काड्या चरात ठेवायची आणि टाचेनं दाबायची. भाताच्या आवणीसारखंच, फक्त चिखल नाही आणि गाणं नाही.

पहिल्या दिवशी मंगलाबाईनं काड्यांची जुडी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली, आणि हसत मटकन खाली बसली.

“अहो, ललितचे बा! ही तर हरळी!”

“हळू बोल. मैदानाच्या मॅडम बर्म्युडा म्हणत्यात तिला.”

“म्हणू द्या काही. जल्म गेला माझा हिला शेतातनं खणून काढण्यात. माझ्या सासूनं हिच्यापायी मला किती बोलणी ऐकवली! आन् इथं हिलाच लावायची? वर मजुरी घ्यायची?”

“मग नको घेऊस.”

“घेते की! कुणी सांगितलं नको म्हणून?”

तेव्हापासून तिचं आणि त्या गवताचं भांडणच जुंपलं. चैत्राच्या उन्हात काड्या माना टाकायला लागल्या की पाण्याची नळी धरून ती त्यांना झापायची, “घरी उपटून उपटून माझी नखं गेली, तरी मेली नाहीस. आन् इथं लाड करते तर मरतीस व्हय गं, सटवे?” आजूबाजूच्या बाया पोट धरून हसायच्या. बुधा हसायचा नाही. तो मान खाली घालून चर पाडत राहायचा, म्हणजे ती आणखी बोलेल.

सातव्या झेंड्याचं गवत त्या दोघांनी लावलेलं. सगळं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. काम संपल्यावर मंगलाबाईनं उरलेल्या चार काड्या कोपऱ्यात खोचल्या होत्या. “ही माझी,” म्हणाली होती. “साहेबाला सांगा, इथं चेंडू आणायचा नाय.”

आणि यंदा ते सगळंच बदलायचं होतं. आणखी बारीक पात्याचं नवं गवत बाहेरून येणार होतं.

“जुन्याची एक काडीसुद्धा राहता कामा नये,” शुभांगी मॅडमनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. मैदानाची देखभाल त्यांच्याकडं होती. “नव्यात जुनं मिसळलं की नवं वाया गेलंच म्हणून समजा. आज खणून काढा. राहिलेल्या मुळांवर उद्या औषध मारू.”

सावळीरामनं माणसं वाटायला सुरुवात केली. “बुधा, तू दुसऱ्या झेंड्यावर जा. सातव्यावर ही नवी पोरं जातील.”

“सातवा मला दे.”

“ऐक की. कशाला जिवाला त्रास करून घेतोस?”

“दुसऱ्यानं खणलेलं मला बघवायचं नाय. दे.”

सावळीरामनं नव्या पोरांना दुसऱ्या झेंड्याकडं पाठवलं.

बुधानं कुदळ मारली तेव्हा गवताखालची माती भुसभुशीत निघाली आणि मुळं एकमेकांत अशी गुंतलेली, की एक ओढलं तर हातभर पट्टा उठून यायचा. मंगलाबाई दाबायची तीच ही माती. तिच्या टाचेला भेगा होत्या. संध्याकाळी पालापुढं बसून ती त्यात मेण भरायची. बुधा खणत गेला. दुपार झाली, बाकीचे सावलीत भाकरी सोडायला गेले, तरी तो खणतच होता. कोपरा त्यानं शेवटाला ठेवला.

कोपरा आला. त्यानं कुदळ खाली ठेवली आणि बोटांनी माती उकरली. ओंजळभर गवत मुळांसकट सोडवलं, भाकरीच्या ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि पिशवीत घातलं.

“मामा, ते काय?”

मॅडम मागंच उभ्या होत्या.

“काय नाय. शेळीला.”

“शेळीला?” भाकरीचा तुकडा तोंडात तसाच ठेवून सावळीराम लांबून ओरडला. “एवढंसं? उपाशी मारतोस का तिला?”

माणसं हसली. मॅडमही हसल्या. “मामा, अहो ट्रॉलीभर पडलंय. पाहिजे तेवढं न्या. फक्त आजच न्या, उद्या औषध मारल्यावर नको.”

“एवढं बास हाय.”

लावणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याचं काम संपलं. नव्या जोड्या चर मोजायला लागल्या होत्या. बुधा त्यांच्याकडं न बघता नाक्यावर आला आणि एसटीत बसला. पिशवी मांडीवर होती. फडकं रोज भिजवून त्यानं गवत जगवलं होतं. वाटेत बाटलीतलं पाणी त्यानं आणखी शिंपडलं. शेजारचा म्हणाला, “मासे हायेत का, काका?” बुधा म्हणाला, “व्हय.”

घरामागं एक सपाट दगड होता. मंगलाबाई त्यावर बसून भांडी घासायची. खरकटं पाणी तिथून खालच्या वाफ्यात उतरायचं, म्हणून तिथली माती उन्हाळ्यातही ओली. घरी कुणी नव्हतं. बुधानं दगडाच्या अंगाला खड्डा केला, हरळी लावली आणि टाचेनं दाबली. त्याला ते नीट जमलं नाही. ती एका दमात दाबायची, त्याला तीनदा दाबावं लागलं. मग इकडंतिकडं बघून तो हळूच म्हणाला, “मरू नको गं, सटवे.”

हरळीनं जीव धरला. आठ-दहा दिवसांत दगडाच्या कडेनं कोवळी पाती दिसायला लागली. भांडी आता सून घासायची. बुधा उगाच तिथं जाऊन बसायचा, बिडी ओढायचा. ललितला वाटायचं, बा आईची जागा धरून बसतो.

मग एका सकाळी बुधा जळण घेऊन आला, तर ललित घरामागं उकिडवा बसलेला. हातात पहार होती आणि दगडाशेजारी हातभर खोल खड्डा. अंग घामानं निथळत होतं.

“बा, बघितलंस का? हरळी! रोपाच्या वाफ्यापासून दोन पावलांवर! कुठनं आली काय ठावं.”

बुधाच्या डोक्यावर मोळी तशीच होती.

“आय असती तर उभी राहू दिली नसती,” ललित म्हणाला. त्यानं मनगटानं नाक पुसलं. “लहानपणी मला हितंच बसवून शिकवायची. एक पेर राह्यलं तरी पसरती म्हणायची. मुळं वर करून उन्हात टाकायची, म्हणायची. तसंच केलं. ती नाय म्हणून काय तिच्या वाफ्यात हरळी माजू द्यायची?”

दगडावर, ती बसायची त्या जागी, हरळी पसरलेली होती. पांढरी मुळं आभाळाकडं. ऊन लागून पाती वळायला लागली होती.

बुधानं मोळी उतरवली. खड्ड्यापाशी बसून तो माती चाळायला लागला. मुठीत घ्यायचा, बोटांनी फोडायचा, बारीक करून खाली सोडायचा. पुन्हा मूठ. ललितला बरं वाटलं, बा मदतीला बसला म्हणून.

“राह्यलंय का एखादं पेर?”

बुधा तळापर्यंत गेला. चारी कडा त्यानं बोटांनी उकरल्या.

“नाय,” तो म्हणाला. “पार काढलंस.”

“आयला आवडलं असतं, नाय?”

“व्हय,” बुधा म्हणाला. “लय आवडलं असतं.”

ललित पहार घेऊन वाफ्याकडं गेला. बुधानं खड्ड्यात माती लोटली, उठला, आणि टाचेनं ती दाबत राहिला.