लाल लिलीवरचा केवडा

सन दोन हजार तेवीस. मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो अन् उन्हाळाभर अंगणातच निजत होतो. सकाळी डोळा अर्धा उघडला की बाजेवरून आधी लाल लिली दिसायची. आमच्या सोनाळ्यात सातपुड्याकडचा गार वारा उजाडताना जरा वेळच येतो. तेवढ्या वेळात ती फुलं अशी हलत, की मला ती पाण्याखाली आहेत असं वाटे.

तिचे कांदे बायकोनं लग्नानंतर माहेरून पदरात बांधून आणले होते. आता त्या घरी कोणी राहिलं नाही, घरही विकलं. उरली ती ही लिली. कांदा चोरून नेला तरच लागतो, असं आमच्या गल्लीतल्या बाया मानतात. म्हणून कोणी वाफ्यापाशी रेंगाळली की बायको "चहा ठेवतो" म्हणून आत जाई. बाहेर येईपर्यंत बाई गेलेली असे, कांदाही. अशी लिली गल्लीभर झाली. दिली कोणी नाही, घेतली कोणी नाही.

त्या साली एका गड्ड्याला निराळीच फुलं आली. लालावर पांढऱ्या रेघा, ओल्या बोटानं चुना ओढावा तशा. मी त्यांच्याकडं पाहत बसलो की जेवणाची आठवण राहत नसे. शाळा मी दुसरीपर्यंतच केली, पण माझ्या हाताला गुण आहे हे मला ठाऊक होतं. पारावर सांगून टाकलं, हे वाण म्या काढलं. मग बाया त्याच गड्ड्यापाशी रेंगाळू लागल्या अन् घरात चहा फार होऊ लागला.

शेजारचे भाई भेंडी लावतात. एके सकाळी आले, वाकले, रेघांच्या फुलाचं पान उन्हाकडं धरलं.

"भाऊ, बुरा नका मानू. हा केवडा रोग हाये."

"केवडा भेंडीले पडते."

"माह्या भेंडीत आले की तुमीच म्हनता, उपट, फेक. घरचं काऊन ठेवता?"

"भेंडी कुरूप होते. हे फूल पाहा ना कसं हाये."

"बिमारी देखनी हाये म्हनून घरात ठेवाची का?"

मी त्यांना जा म्हटलं. ते गेले, पण चहा पिऊन.

दुपारी एकटाच वाफ्यात बसलो अन् एकेक पान उन्हासमोर धरलं. हिरव्यात फिकट चट्टे होते, वावरावरून ढगांच्या सावल्या सरकाव्या तसे. तेही देखणेच. बाजूच्या गड्ड्यांची पानं धरली, तिथंही चट्टे. दांडे आखूड, फुलं बारीक, पानाखाली माव्याची कीड. मंदिरासाठी सगळे दांडे मी एकाच विळ्यानं कापत होतो, एकाचा रस दुसऱ्याला लागत होता. भिंतीकडची पानं तेवढी एकरंगी हिरवी होती.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती वाफ्याच्या कडेला बसली.

"दवाई नाही का?"

"भेंडीले कुठं हाये? कांद्यातच मुरते हे."

"मंग समदी जाईन?"

"भिंतीकडची वाचन. पन गल्लीतली रोगट राह्यली त मावा रोग घेऊन तिकडून इकडं येईन."

"त सांगा ना बायाइले, उपटा म्हना."

"तू सांग. तुह्यामुळं गेली."

"म्या कोनाले देल्ली? मी त चहा ठेवाले गेलती." हसली, अन् मग पदर डोळ्याला लावला. "माह्या माहेरचं एवढंच हाये हो. वाण तुमचं, तुमीच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेघांचा गड्डा कांद्यांसकट खणून काढला. चट्ट्यांचे बाकीचेही काढले. उकिरड्यावर टाकले नाहीत, तुराट्या पेटवून त्यात घातले. जळतानाही त्या रेघा चांगल्याच दिसत होत्या. कुदळ, विळा साबणानं घासला अन् कुदळ घेऊन नळावर गेलो. बाया पाणी भरत होत्या.

"ते वाण नाही, रोग हाये," मी म्हटलं. "कोनं नेलं ते मी इचारत नाही. पान उन्हात धरा. चट्टे दिसले त कांद्यासकट जाळा."

सगळ्या हंड्यात पाहू लागल्या. एक म्हणाली, "आमची त बजारातली हाये, बाबा."

"हाव. बजारातलीलेही केवडा पडते," मी म्हटलं, अन् कुदळ खांद्यावर टाकून तिच्याच घराकडं चालू लागलो.