अनंतगिरीच्या ओढ्यातला ‘रा’

हे अनंता, हे पद्मनाभा, ढगांआडून जगाला न्हाऊ घालणाऱ्या दयाघना, आधी तुला वंदन! तुझे गुण गाताना जीभ थकत नाही. पण आज तुझ्याच एका लेकराचे गुण गायचे आहेत, तेव्हा वाणीला थोडी स्थिरता दे. हे लेकरू अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून, सायकलला जेवणाचा डबा अडकवून काचीगुड्यातून रोज कचेरीत जात असे. नाव एकनाथराव धारूरकर. एका वकिलांकडे टंकलेखक.

तीन पिढ्या हैदराबादेत गेलेले हे घराणे. देवघरात मराठी, भाजीवालीशी तेलुगू, मित्रांशी दखनी. आणि एकनाथरावांच्या जिभेवर या तिघी सख्ख्या बहिणींसारख्या एका पाटावर बसत. नव्वदीच्या दशकात देशाची दारे उघडली, कचेरीत संगणक आला आणि टंकयंत्र कोपऱ्यात गेले. पन्नाशीला आलेल्या त्या माणसाची दहाही बोटे जणू पोरकी झाली.

देवाने तेव्हाच त्यांच्या माडीवर भाडेकरू पाठवला. ओंकार हा कराडजवळच्या खेड्यातला, पुण्यात संगणक शिकून नोकरीसाठी इकडे आलेला तरुण. त्याची विधवा आई त्याला पोहोचवायला आली होती. परत जाताना तिने एकनाथरावांपुढे पदर पसरला. “दादा, ह्यो एकलाच हाय मला. तुमच्या वटीत घातलाय.”

ओंकार रोज संध्याकाळी काकांना संगणकापुढे बसवी.

“माउसला घाबरू नका काका, चावत नाही तो.”

“चावत नाही हौ, पण पळतो कैकू?”

असे हसत हसत बोटे पुन्हा चालू लागली आणि नोकरी टिकली. त्या उपकाराने एकनाथरावांचे मन भरून आले. मुलाला सह्याद्रीच्या पावसाची आठवण येते, हे त्यांनी ओळखले होते. श्रावणातल्या एका रविवारी त्यांनी त्याला विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरावर नेले. सोबतीला अंबरपेठेतले किराणा दुकानदार, बालमित्र दत्तोबा होते.

पाऊस असा कोसळत होता की आभाळ आणि डोंगर यांत भेद उरला नव्हता. झाडे नाहत होती, दगड नाहत होते, दत्तोबांची छत्री तर उलटी होऊन पाणी साठवीत होती.

“एकनाथा, हल्लू चल मियाँ! दुखरा गुडघा तुझा, पण उचलून न्यायचं मला!”

“तुला उचलायला बैलगाडी लागेल, त्याचं काय?”

ओंकार पोटभर हसला. तिघांनी वर पद्मनाभाचे दर्शन घेतले, भिजलेल्या पोळ्या आनंदाने खाल्ल्या आणि परतीची वाट धरली.

वाटेत एक ओढा होता. सकाळी तो घोट्याइतका होता, आता पिंडरीला लागत होता. दोघे मित्र एकमेकांना धरून पार झाले. मागून येणारा ओंकार मधल्या खडकावर बुटाची नाडी बांधायला थांबला. तेवढ्यात काठावरच्या मल्लय्या नावाच्या धनगराला वरून पुराचे लाल पाणी येताना दिसले. तो जिवाच्या आकांताने ओरडला, “रा! रा!”

तेलुगूत ‘रा’ म्हणजे ये. एकनाथरावही त्याच्या सुरात सूर मिसळून ओरडू लागले, “रा! ओंकार, रा!”

ओंकारने मान डोलावली, खडकाला मिठी मारली आणि तो घट्ट बसून राहिला.

“बैठा कैकू ये?” दत्तोबा किंचाळले.

ते जितके ओरडत, तितका ओंकार खडकाला अधिक बिलगत होता. आणि एकाएकी एकनाथरावांना आठवले. मुलाला माडीवर सोडून निघताना त्याच्या आईचे शेवटचे शब्द होते, ‘हितंच रा, बाळा.’ त्याच्या घरच्या बोलीत ‘रा’ म्हणजे राहा! आपण बोलावतो आहोत आणि लेकरू आज्ञा पाळते आहे!

“ये! अरे, ये!” त्यांनी टाहो फोडला, पण आता पाणी खडकावर चढले होते आणि ओंकारला पाऊल टाकायला जागा उरली नव्हती.

एकनाथराव ओढ्यात उतरले.

“पागल झालास का? तुझा गुडघा!”

“गुडघा राहू दे. माझा हात धर!”

दत्तोबांनी त्यांचा हात धरला, मल्लय्याने दत्तोबांचा कमरपट्टा. एकनाथराव छातीभर पाण्यात गेले, तरी दोन हात अंतर उरलेच. मग मल्लय्याने अंगावरची घोंगडी काढून त्यांच्याकडे फेकली आणि ओंकारला ओरडून सांगितले, “गोंगडी! गोंगडी पट्टू!”

‘पट्टू’ म्हणजे धर, हे त्याला कळले नाही. पण घोंगडी कोणत्या मराठी लेकराला कळणार नाही? एकनाथरावांनी भिरकावलेले टोक त्याने दोन्ही मुठींत आवळले आणि उडी घेतली. तिघांनी ओढले, पाण्यानेही ओढले. पण विश्वंभराचा जोर ज्या बाजूला होता, त्या बाजूला ओंकार आला.

काठावर खोकत तो म्हणाला, “काका, तुम्हीच म्हणालात ना, रा म्हणून? मी राहिलो!”

दत्तोबा चिखलातच बसून हसू लागले. एकनाथरावांना मात्र हसू येईना. त्यांनी मल्लय्यापुढे हात जोडले आणि ओंकारला पोटाशी धरले. “माझं चुकलं, बाबा. लेकराला त्याच्या घरच्या शब्दांत हाक मारायची असते.”

दसऱ्याला ओंकारची आई काचीगुड्यात आली. तिने एकनाथरावांच्या पत्नीची, शोभाताईंची ओटी भरली. “वैनी, आता ह्याला दोन आया,” ती म्हणाली. शोभाताई उत्तरल्या, “दोघींनी मिळून कान धरू त्याचा!” ओंकारने लगेच दोन्ही कान झाकले. एकनाथराव मात्र चहाचे निमित्त करून स्वयंपाकघरात डोळे पुसत उभे होते.

हे दयाघना, या दांपत्याला उदंड आयुष्य दे. एकनाथरावांच्या त्या दिवशी ओढ्यात आणखीच दुखावलेल्या गुडघ्याला बळ दे, शोभाताईंची चूल सदा पेटती ठेव. त्यांच्या माडीवर येणारे प्रत्येक परके लेकरू सुखरूप आपल्या आईला भेटो आणि या घरावर तुझी कृपा श्रावणधारांसारखी अखंड बरसत राहो!