उलटी सही

तो गुन्हा आठवला की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्या तपासांची आठवण काढताना स्वतःचा राग कधी आला नाही. या प्रकरणात तो येतो. आरोपी सापडला, गेलेले पैसे परत मिळाले, मला बक्षीसही मिळालं. तरी राग उतरलेला नाही, म्हणून हे लिहून काढतो आहे. नाव कुणाचंच देणार नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीतल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. त्या सुमारास आमच्या भागातल्या एका बँकेनं संगणक बसवले आणि सांगली व साताऱ्याच्या शाखा टेलिफोनच्या तारांनी एकमेकींना जोडल्या. 'सांगलीत भरा, साताऱ्यात काढा' अशी पाटी दारावर लागली. बँक ऑनलाईन झाली म्हणून लोक कौतुकानं सांगत. खातेदारांच्या सह्यांची जुनी कार्डं स्कॅन करून संगणकात घातली होती. पैसे काढायची स्लिप आली की कारकून पडद्यावरची सही बघायचा, जुळली की पैसे द्यायचा. माणूस ओळखीचा असण्याची गरज उरली नव्हती, आणि बँकेला याचाच अभिमान होता.

एके सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत होतो, तोच या बँकेच्या सांगली शाखेच्या मॅनेजरांचा फोन आला. एका जुन्या खातेदाराच्या खात्यातून साताऱ्याच्या शाखेत तीन वेळा मिळून अठ्ठेचाळीस हजार रुपये काढले गेले होते. खातेदार म्हणत होता, मी साताऱ्याला गेलोच नाही. मॅनेजर आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, सही तंतोतंत जुळते. एक तर म्हातारा विसरतोय, नाहीतर घरातलंच कुणीतरी आहे. त्याची विधवा सून त्याच्या स्लिपा भरते. तिचं माहेर मेढ्याजवळ. जाता-येता साताऱ्याला एसटी बदलते. तुम्ही समजून घ्या."

मी समजून घेतलं. दुसऱ्याच्या डोक्यानं समजून घ्यायला वेळ लागत नाही.

खातेदाराला सगळे आण्णा म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर. हळदीच्या एका जैन पेढीवर त्यांनी आयुष्यभर मुनीमकी केली, वह्या मोडीत लिहिल्या आणि सहीही मोडीतच करत आले. चाळीस वर्षं खातं त्याच शाखेत. जुना कॅशियर त्यांना नुसत्या खोकल्यावरून ओळखायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा अपघातात गेला होता. घरात ते आणि सून, दोघंच. ती ब्लाउज शिवून संसार चालवायची. तिला पिको-फॉलचं मशिन आणि एक गाळा घेऊन द्यावा म्हणून आण्णा पैसे काढायला बँकेत गेले, तेव्हा काउंटरवरच्या कारकुनानं त्यांची स्लिप परत केली. सही संगणकाशी जुळत नाही म्हणाला. त्यांनी चार वेळा सही केली, चारही वेळा परत आली. मग पासबुक भरून मागितलं तेव्हा साताऱ्याच्या नोंदी बाहेर पडल्या.

म्हणजे बघा, ज्याची सही त्याची चुकीची, आणि भलत्याच कुणाची तरी बरोबर. हे बँकेनं त्या माणसाच्या तोंडावर सांगितलं. वय झालं की हात बदलतो, असंही वर ऐकवलं. मला तिथंच खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

फिर्याद नोंदवून घेतली आणि सुनेला ठाण्यात आणवलं. बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, हे मला पाठ होतं. तरी आणवलं. ठाण्याच्या भिंती बघितल्या की माणूस लवकर बोलतो, असा आमचा एक समज असतो. सलग दोन दुपारी ती माझ्यासमोर उभी होती. बस म्हणायचंही मला सुचलं नाही. पैसे काढल्याच्या तीन तारखांपैकी एका तारखेला ती माहेरी गेलेली निघाली, आणि मला वाटलं, झालं काम. उरलेल्या दोन तारखांना कुठं होतीस, हा प्रश्न मी तिला किती वेळा विचारला याची गणती नाही. घरीच होते, हे एकच उत्तर ती तितक्याच वेळा देत राहिली. रडली नाही. न रडणारी बाई पोलिसाला जास्त संशयास्पद वाटते. हाही आमचा एक मूर्खपणाच.

एकदाच ती सलग बोलली. "सायेब, सिलिपवर आकडे मी लिवते. सही आण्णा करत्यात. ती मोडी मला वाचता येत न्हाई, तर मी ती काढंन कशी?"

मी म्हणालो, चित्रासारखी बघून काढायची म्हटली तर वाचता यायची गरज काय? माझं म्हणणं बरोबरच होतं, फक्त माणूस चुकीचा होता.

तिसऱ्या दिवशी हवालदार साताऱ्याहून मूळ स्लिपा घेऊन आला. त्या पंचनाम्यानं ताब्यात घेतल्या होत्या. खात्री करून घ्यायला मी आण्णांना बोलावलं आणि टेबलाच्या पलीकडं खुर्ची दिली. स्लिपा मला वाचता याव्यात म्हणून माझ्या बाजूनं सुलट्या मांडल्या होत्या. मी विचारायला सुरुवात करणार तोच आण्णांनी चष्मा वर सारला, पुढं वाकले आणि कागदाला हातही न लावता म्हणाले, "सही माझीच हाय." मला वाटलं, मॅनेजर बरोबर होते, म्हातारा विसरला होता. फाईल मिटायला माझा हात पुढं गेला. आण्णा मात्र अजून वाकलेलेच होते.

"पर सायेब, ही मला हितनं वाचता येतीया," ते म्हणाले. "सिलिप तुमच्याकडून सुलटी, अन् सही माझ्याकडून. म्हंजे सिलिपवर ती उलटी केलीया. आवं, डोक्यावर उभा ऱ्हाऊन सही करणारा मानूस न्हाई मी."

मी स्लिप फिरवली, पुन्हा फिरवली. मला मोडी येत नाही. मला दोन्हीकडून ती सारखीच अगम्य होती. आण्णांनी माझ्याच टाचणवहीत सही करून दाखवली. मोडी लिहिणारा माणूस आधी वरची रेघ ओढतो आणि मग त्या रेघेखाली हात न उचलता अक्षरं सोडत जातो. स्लिपांवर ती रेघ अक्षरांच्या खाली होती. आपल्याकडं कितीतरी लोक सहीखाली रेघ मारतात, त्यामुळं कुणाला वावगं वाटलं नव्हतं.

तसाच उठलो आणि आण्णांना घेऊन बँकेत गेलो. मॅनेजरांना पडद्यावर सही काढायला सांगितली. ती पडद्यावरच उलटी होती. कार्डं स्कॅन करणाऱ्या माणसाला मोडी येत नव्हती. त्यानं कार्डावरची तेवढी सहीच कापून घेतली होती, आणि रेघ खाली असणार अशा समजुतीनं ती उलटी चढवली होती. तेव्हापासून आण्णांची खरी सही खोटी ठरत होती. मॅनेजर म्हणाले, एक बटण दाबलं की सुलटी होईल. त्यावर मी त्यांना जे बोललो ते छापण्याजोगं नाही.

आता गोष्ट उघड होती. खोटी सही करणाऱ्यानं खरी सही कधी पाहिलीच नव्हती. त्यानं पाहिला होता तो पडदा. सुनेनं पडदा कधी पाहिला नव्हता, खरी सही मात्र ती वर्षानुवर्षं पाहत आली होती. संशयित बँकेच्या आतच होता.

साताऱ्याच्या तिन्ही स्लिपांवर एकाच कारकुनाची आद्याक्षरं होती. मी साताऱ्याला जाऊन त्याला स्थानिक ठाण्यात बोलावलं. नीटनेटका, बोलायला गोड माणूस. टोपी घातलेले एक आजोबा आले होते, पासबुक होतं, माझ्यासमोर त्यांनी सही केली, असं त्यानं सांगितलं. मी आवाज चढवला नाही. खोटं बोलणाऱ्याला बारीकसारीक तपशील विचारावेत, तो खुशीनं पुरवतो. कुठल्या हातानं केली सही? उजव्या. पेन कुणाचं? माझंच दिलं. सुरुवात कुठून केली?

"आधी अक्षरं काढली," तो म्हणाला, "आणि शेवटी खाली रेघ मारली. जुनी माणसं मारतात तशी."

तेवढं वाक्य जबाबात नीट लिहून घेतलं, त्याला वाचून दाखवलं, खाली त्याची सही घेतली. मग स्लिप त्याच्यासमोर फिरवून ठेवली आणि मोडी कशी लिहितात ते सांगितलं. त्यानं पाणी मागितलं. अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं. वयस्कर आणि लांबच्या खातेदारांची, फारशी हालचाल नसलेली खाती तो हेरून ठेवायचा. आण्णांचंच का निवडलं, असं विचारल्यावर म्हणाला, अशी माणसं बोंब मारत नाहीत, मारली तरी त्यांचं कुणी ऐकत नाही. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण दोन दिवस मीच त्याचं म्हणणं खरं करून दाखवत होतो.

बँकेनं पैसे खात्यात परत भरले. सोबत पत्र पाठवलं की, पुढं अडचण नको म्हणून खातेदारानं सहीऐवजी अंगठा द्यावा. चाळीस वर्षं पेढीच्या वह्या लिहिलेल्या माणसाला अंगठा मागितला. आण्णांनी खातं बंद केलं. सुनेबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं.

तिची माफी मागायचं माझ्याकडूनही राहिलं होतं. रविवारी साध्या कपड्यांत, मोटारसायकलवरून मी त्यांच्या घरी गेलो. ती मशिनवर बसली होती. माझी चूक झाली, असं मी हळू आवाजात सांगितलं. तिनं शिवण थांबवलं.

"सायेब, मला न्यायला जीप आली तवा सगळ्या गल्लीनं बघितलं," ती म्हणाली. "आज तुमी आलाय ते कुणाला दिसलं? गिऱ्हाईक तुटलंय माझं. बाया कापड द्यायला भित्यात. माफी मागायची तर जीप घेऊन या."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी गणवेशात, जीप घेऊन गेलो. चालकाला हॉर्न वाजवायला लावला. लोक जमले. दारात उभं राहून मी मोठ्यानं सांगितलं की या बाईनं काही केलेलं नाही, चोर बँकेतला होता आणि तो सापडला आहे. गर्दीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "मग हिला न्हेली कशाला?"

गल्लीभर लोक माझ्या तोंडाकडं बघत होते. मी जीपमध्ये बसून निघून आलो.

ते उत्तर आता देतो. मॅनेजर खुर्चीत बसून बोलत होते आणि ती माझ्यासमोर उभी राहून बोलत होती, म्हणून तिला नेली. दुसरा कुठलाही पुरावा माझ्याकडं नव्हता.