रोहूला माहेरी नेलं

वैशाखऱ्याहून टेम्पो सुटला तेव्हा मागे निळं पिंप, पिंपात आमची रोहू आणि पिंपाला टेकून मी. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. लिहिण्यात चूक असेल, सांगण्यात नाही.

ही रोहू बोटुकली (बोटाएवढं पिल्लू) असताना माझ्या मंडळीने (बायकोने) भातसानगरजवळच्या एका मत्स्यबीज केंद्रातून आणलेली. एका उन्हाळ्यात आमचं तळं आटत आलं, बाकीची मासळी गेली, ही एकटी तगली. मंडळी कोंड्याचा डबा वाजवायची की ही पायरीशी हजर. पौषात मंडळी गेली. आषाढात रोहूचं पोट अंड्यांनी भरलं. मुलगा म्हणाला, "बाबा, दुसरं बी आणून टाकू." मी म्हटलं, नाय. आमच्या तळ्यात पोरं फिरतील ती हिचीच. साचल्या पाण्यात रोहू अंडी सोडत नाही, म्हणून तिला त्याच केंद्रात, तिच्या माहेरी न्यायचं ठरवलं.

निघताना शेजारची पारूबाई ताट घेऊन आली. पहिलटकरीण माहेरी चालली, ओटी न भरता कशी धाडायची? बायकांनी तिला पिंपातून उचलली, कपाळ कुठलं यावर भांडल्या आणि हळदकुंकू लावलं.

"शेपूट बघा गो, कशी लाजते!"

सगळ्या हसल्या. मंडळी गेल्यापासून माझ्या दारात कोणी हसलं नव्हतं. मला बरं वाटलं.

सरळगावच्या फाट्यावर वडा खाल्ला. ओटीची गोष्ट ऐकून भाजीवाल्या उठून आल्या, त्यांनीही तिला वर काढली. पुढे दोन्ही अंगांना लावणी चाललेली, माणसं गुडघाभर चिखलात. किन्हवलीला माझी धाकटी बहीण रस्त्यावरच उभी. "वैनीची लेक ना ही," म्हणाली, तिला पोटाशी धरली आणि रडली. शहापूर आलं तेव्हा माहुलीचे सुळके ढगात होते.

केंद्रवाल्याने रोहूला सुई टोचली आणि दोन नरांबरोबर हाप्यात (पाण्यात बांधलेल्या कापडी पिशवीत) सोडलं. सकाळी हाप्यात नुसते मासेच. एक अंडं नाही.

"आजोबा, वाटेत हिला बाहेर काढली होती?"

मी सगळं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तो हाप्याशेजारी काठावर बसला.

"मासा घाबरला की त्याच्या रक्तात भीतीचं हार्मोन (अंगात पाझरणारा रस) चढतं. ते चढलं की अंडी सोडायचं हार्मोन दबतं. मग सुईचंही चालत नाय."

"ओटीला कोण घाबरतं रे?"

"तिला काय ठाऊक ओटी? पाण्याबाहेर काढली म्हणजे मारायलाच काढली."

"मग आता?"

"अंडी अंगातच जिरतील. परत न्याल तर पुन्हा तीच भीती, जगेल का सांगता येत नाय. इथं तळ्यात सोडा."

मी नाय म्हटलं. दुपारपर्यंत नायच म्हणत होतो. मग टेम्पोवाल्याने कंटाळून हॉर्न मारला. रोहू कापडावर अशी आदळली की हापा हलला. थांबली, पुन्हा आदळली. एवढी वर्षं डबा ऐकून येणारी ती.

"सोड तळ्यात," मी म्हटलं.

कोंड्याचा डबा त्याच्या हातात दिला. "वाजवू नको. नुसता टाक."

रिकामं पिंप टेम्पोत वाटभर वाजत आलं. किन्हवलीला बहीण धावत आली.

"दादा, किती रे पोरं झाली?"

"माहेरीच ठेवली तिला."

आमच्याकडे माहेरी ठेवलेल्या बाईबद्दल पुढे विचारत नाहीत. घरी पारूबाईनेही विचारलं नाही. भीतीचं आणि हार्मोनचं मी कोणालाच सांगितलं नाही. त्यांनी माया केली होती.

प्रवास झाला तो एवढाच. आता मी तळ्याच्या पायरीवर बसतो. कोणी धुणं आपटायला आलं, मोठ्याने बोललं, तर हात वर करून गप्प करतो. तळ्यात कोणी नाही. तरी करतो.