इराची ट्यूशन

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच कबूल करतो. पण या स्वभावापायी मी अमेरिकन हेडमिस्ट्रेससमोर काय दिवे लावले, ते ऐकायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा.

मी आणि मृणाल वेगळे झालो त्याला दोन वर्षं झाली. दोघंही इथे अमेरिकेत, नोव्हाय गावातच राहतो, दहा मिनिटांच्या अंतरावर. नऊ वर्षांची इरा आईकडे असते, शनिवार-रविवार माझ्याकडे. चाइल्ड सपोर्ट मी दर महिन्याला देतो, शिवाय शाळेचा खर्च निम्मा-निम्मा, असं कागदावर ठरलंय. इरा आजवर सरकारी शाळेत होती, तिथे फीचा प्रश्नच नव्हता. यंदा तिला प्रायव्हेट शाळेत घालायचं ठरलं. मलाही ते पटलं होतं.

मग व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो आला. खाली मृणालचा मेसेज, "पुढच्या शुक्रवारपर्यंत तुझे अर्धे भर, नाहीतर सीट जाईल."

युनिफॉर्म, लंच, बस, ठीक आहे. पण सगळ्यात वर, सगळ्यात मोठा आकडा कशाचा? तर ट्यूशन. आणि फी हा शब्द अख्ख्या बिलात नाही. मला तिथेच वास आला. अहो, चौथीतल्या पोरीला ट्यूशन? मी नागपुरात बारावीपर्यंत एकही ट्यूशन लावली नव्हती.

शनिवारी इराला हळूच विचारलं, "बेटा, आई तुला ट्यूशन लावतेय का गं?"

"व्हॉट्स ट्यूशन, बाबा?"

झालं! ज्या पोरीची ट्यूशन, तिलाच पत्ता नाही. मग हे पैसे जाणार कुठे? त्या विचारात मला चार दिवस जेवण गोड लागलं नाही.

मी पैसे भरले नाहीत. शुक्रवारी थेट शाळेत अपॉइंटमेंट घेतली आणि मृणाललाही बोलावलं.

"माझी मुलगी हुशार आहे," मी इंग्रजीत ठणकावलं. "तिला ट्यूशन नको. तुम्ही वर्गातच नीट शिकवा."

हेडमिस्ट्रेस गोंधळल्या. "सर, ट्यूशनशिवाय तिला इथे शिकता येणार नाही."

"म्हणजे सक्ती आहे?"

"सगळेच पालक भरतात."

"सगळ्यांची मुलं कच्ची असतील."

मग बाई आवाज एकदम मऊ करून म्हणाल्या, "काही अडचण असेल तर सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही." आणि गरजू पालकांसाठीचा आर्थिक मदतीचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

तेव्हा मृणाल मराठीत म्हणाली, "समीर, ट्यूशन म्हणजे शिकवणी नाही रे. इथे शाळेच्या फीलाच ट्यूशन म्हणतात."

आठवडाभर मी हिला मनातल्या मनात चोर ठरवत होतो. खरंच लाज वाटली. तिथल्या तिथे फोन काढून पैसे भरले. इराची सीट राहिली.

पार्किंग लॉटमध्ये मी सॉरी म्हणालो.

"सॉरी राहू दे," गाडीचं दार उघडत मृणाल म्हणाली. "इंग्रजीची ट्यूशन मात्र लाव. शाळेचाच खर्च धरू, अर्धे मी भरते."